चढाला तापणारा ट्रॅक्टर

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आमच्या कामात एक वाक्य रोज कानावर पडतं: 'ॲप चालत नाहीये.' कुठल्या फोनवर, काय दाबल्यावर, कालपर्यंत चालत होतं का, काही नाही. चालत नाहीये, बस. 'गाडी तापते' हे वाक्य त्याच कुळातलं आहे. त्यावरून कुणीच काही दुरुस्त करू शकत नाही, पण त्यावरून हजारो रुपये खर्च मात्र होतात. आज त्याबद्दल बोलायचंय, आणि गाडी म्हणजे कार नाही. जुना ट्रॅक्टर, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि समोर चढ.

आधीच सांगतो, मी बीटेक कॉम्प्युटरचा. पहिल्या वर्षाला बेसिक मेकॅनिकल आणि वर्कशॉप सगळ्यांनाच असतं, इंजिनाचं माझं औपचारिक शिक्षण तेवढंच. पण आमचं गाव शिराळा तालुक्यातलं. आमच्याकडे गळीत हंगामात घराघरात दोनच विषय असतात, तोड कधी येणार आणि खेप किती वाजता जाणार. काकांचा ट्रॅक्टर २००४ चा, पन्नास एचपीचा. हंगामात कारखान्याची ऊसवाहतूक करतो. मागच्या डिसेंबरात मी सुट्टीला गेलो होतो तेव्हा काका म्हणाले, "चढाला लई तापतोय. मिस्त्री म्हणतोय हेड गॅस्केट गेलंय, हेड काढायला लागतंय."

हेड काढणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी वाहतूक आहे त्यांना सांगायला नको. मिस्त्रींनी पन्नास-साठ हजारांचा आकडा आणि आठ-दहा दिवस सांगितले होते. पैशाचं एक वेळ होतं कसंतरी. दिवसांचं होत नाही. तोडणी टोळीला उचल देऊन झालेली असते. ट्रॅक्टर दहा दिवस उभा राहिला तर टोळी फडात बसून राहणार नाही, दुसऱ्या वाहनावर जाणार. आणि तोडून पडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या बिलातून जातं. म्हणून मी काकांना म्हटलं, "काका, हेड काढायच्या आधी मला दोन दिवस द्या. खेपा चालू ठेवूनच बघू. फक्त ट्रॉल्या थोड्या कमी भरा, आणि मी सांगितलं की थांबायचं." मिस्त्री हसले. म्हणाले, "बघा की, कॉम्प्युटर लावून बघा." (हसतो) लावला नाही.

तर पहिला प्रश्न: तापतो म्हणजे कधी? ड्रायव्हरदादांना विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं. रिकामा जाताना तापत नाही. एकच भरलेली ट्रॉली असली तर काटा जरा वर चढतो, पण थांबतो. दोन भरलेल्या असल्या तर सपाटीला काही नाही, कारखान्याच्या अलीकडचा चढ लागला की काटा चढायला लागतो आणि शेवटच्या वळणाला लाल पट्टीत. वर पोचून पाच मिनिटं मोकळा चालवला की परत खाली.

ही माहिती फार मोलाची आहे. हे कळण्यासाठी चढाला इंजिनावर नेमकं काय होतं त्याचा हिशेब करू, पाचवीतल्या गणितात बसतो. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून पंधरा टन धरा. डांबरी रस्त्यावर चाकं नुसती फिरवत ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे ३०० किलो. आता शंभर फुटाला चार फूट चढ असला तर वजनाच्या आणखी चार टक्के, म्हणजे ६०० किलो. एकूण ९००. ताशी आठ किलोमीटरने जायचं तर सपाटीला ९ एचपी पुरतात आणि त्याच वेगाने चढाला २७ लागतात. तो चढ डोळ्याला चढसुद्धा वाटत नाही, मोटारसायकलवरून जाताना कळत पण नाही. इंजिनाला तिप्पट काम.

आणि डिझेल इंजिनात जेवढी ताकद चाकाकडे जाते, मोटामोटी तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. २७ एचपी म्हणजे २० किलोवॅट. घरातला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे त्या चढावर रेडिएटरच्या पाण्यात दहा गीझर एकदम चालू असतात, आणि ती सगळी उष्णता त्या जाळीतून हवेत गेली पाहिजे. नाही गेली तर पाणी तापत जाणार.

आता कार आणि ट्रॅक्टरमधला फरक बघा. कार ऐंशीने पळत असते, समोरून वारा आपोआप येतो. ट्रॅक्टर आठच्या वेगाने चाललाय, तो वारा नसल्यातच जमा. सगळी हवा पंखा ओढतो. पंखा पट्ट्यावर, पट्टा क्रँकवर. म्हणजे इंजिनाचे फेरे कमी झाले की पंखा मंद, आणि पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असल्यामुळे तोही मंद. चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत नेलं की नेमकं हेच होतं: उष्णता तिप्पट, वारा अर्धा. हे डोक्यात ठेवा, परत लागणार आहे.

मग मिस्त्रींच्या निदानाकडे वळलो, कारण ते आधी खोडून काढणं किंवा मान्य करणं गरजेचं होतं. त्यांचा मुद्दा होता की पाणी कमी होतंय. बरोबर, होतंच होतं. पण गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर त्याच्या खुणा इंजिन थंड असतानाही दिसतात. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं झाकण काढलं, पाणी तोंडापर्यंत भरलं आणि चालू केला. थोडे फेरे वाढवले. बुडबुडे सतत येत राहिले पाहिजेत, नाही आले. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार आले आणि थांबले. मग झाकण लावून दोन मिनिटं चालवून वरचा होज दाबून पाहिला. पाणी अजून कोमट, आणि होज दगडासारखा टणक झाला असेल तर संशय घ्यायचा. मऊ होता. ऑइलची काडी काढून पाहिली, दुधाळ नाही. सायलेन्सरला पांढरी वाफ नाही. याने गॅस्केट शंभर टक्के निर्दोष सुटत नाही, काही गॅस्केट फक्त ओढीखाली गळतात. पण साठ हजारांच्या फाशीइतका पुरावा नव्हता.

मग पाणी कुठं जात होतं? उकळून, झाकणातून. झाकणाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्यात स्प्रिंग असते, ती पाणी दाबाखाली ठेवते. झाकणावर आकडा लिहिलेला असतो, ०.५ किंवा ०.९ वगैरे. अर्धा बार दाब असला तर पाणी शंभरला उकळत नाही, ११० च्या आसपास उकळतं. रबर फाटलं की ते दहा अंश गेले. आमच्या झाकणाचं रबर वाळून चिरा पडलेलं होतं. नवीन झाकण आणलं. यामुळे इंजिन कमी तापत नाही हे लक्षात घ्या, फक्त उकळायला उशीर होतो. बरेच जण झाकण बदलून 'झालं काम' म्हणतात.

आणि एक गोष्ट, काट्यावर विश्वास किती ठेवायचा? जुन्या गाडीत अर्थिंग खराब झालं की काटा खोटं बोलतो. हेडलाइट लावल्यावर काटा जागचा हलत असेल तर आधी अर्थिंग साफ करा, मग इंजिनाकडे जा. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि कमी दाखवतो. अशा वेळी इंजिन तिथल्या तिथं बंद.

म्हणून मी हजार-बाराशे रुपयांचा लांबून तापमान मोजायचा गन घेतला. करोनात कपाळावर धरायचे तो नाही हं, तो चाळिशीच्या वर फारसा जात नाही. यंत्रांसाठीचा वेगळा मिळतो. चकचकीत धातूवर हा गन चुकीचं दाखवतो, म्हणून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळी चिकटपट्टी लावली आणि कायम तिथंच मोजलं. दादा चालवणार आणि मी मोटारसायकलवर मागे बसून शेजारून, थांबा आला की उतरून. नऊ मिनिटांचा चढ. खाली असताना वरची टाकी ८५. अर्ध्यात थांबून ९४. माथ्यावर १०४, खालची टाकी ९९.

हे आकडे मला त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त आवडले. दोन गोष्टी सांगतात. एक, मिनिटाला साधारण दोन अंश, एकसारखी चढण. झटका नाही. पट्टा तुटला, पंप बसला किंवा गॅस्केटने वायू ढकलला तर आकडा असा शिस्तीत चढत नाही, उडी मारतो. एकसारखी चढण म्हणजे जमाखर्चातली तूट: उष्णता येतेय २०, जातेय १५, उरलेली लोखंडात आणि पाण्यात साठतेय. दोन, वर १०४ आणि खाली ९९, फरक फक्त पाच. पाणी आत कुठं तुंबलं असतं, नळ्या क्षाराने बुजल्या असत्या किंवा पंप ढिला असता, तर खालची टाकी बरीच थंड लागली असती, कारण थोडंसं पाणी रेंगाळत, निवांत थंड होत खाली आलं असतं. इथं पाणी धडाधड फिरतंय, पण जसं गरम जातंय जवळजवळ तसंच परत येतंय. म्हणजे अडचण पाण्याच्या बाजूला नाही, हवेच्या बाजूला आहे.

तरी थर्मोस्टॅट बघितला. आपल्याकडे गाडी तापली की पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. काही इंजिनांत तो उघडताना बायपासचं भोक बंद करतो. काढून टाकला की ते भोक कायम उघडं राहतं आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे तापू नये म्हणून केलेला उपाय उलटा बसतो. आमचा जागेवर होता. पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला, उघडला. काकूंनी ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, तो खर्च हिशेबात धरलेला नाही.

आता हवा. आधी एक वेगळाच प्रकार सापडला तो सांगतो, कारण तो ट्रॅक्टरमध्ये नव्हताच. माथ्यावर थांबल्यावर हातात गन होताच, म्हणून सगळ्या चाकांच्या हबवर धरला. सात-आठ हब चाळीस अंशाच्या आत-बाहेर. मागच्या ट्रॉलीचं डावं मागचं, ७२. बेअरिंग कोरडं पडलेलं. म्हणजे इंजिन ऊस ओढत होतंच, शिवाय एक अडकतं चाकही ओढत होतं. गाडी तापते म्हटल्यावर बॉनेट सगळे उघडतात, ट्रॉलीकडे कुणी बघत नाही. मागचे ब्रेक लागून राहिलेत का, टायरमध्ये हवा आहे का, हब गरम आहे का, हे पाच मिनिटांचं काम आहे. गन नसला तर हात जवळ नेऊन कळतं. लगेच टेकवू नका.

रात्री बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खेपेला दुसरं काहीच न करता परत मोजलं. १०४ चे १०२ झाले. एका वेळी एकच बदल करायचा आणि मोजायचं ही आमच्या धंद्यातली सवय. काका वैतागले होते, "सगळं एकदम करून टाक की." पण एकदम केलं की कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात परत साठ हजारांपासून सुरुवात.

मग वर्तमानपत्राची चाचणी. ट्रॅक्टर उभा, फेरे वाढवलेले, पुढची जाळी काढलेली. पेपरचं एक पान रेडिएटरसमोर धरायचं. पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे पान रेडिएटरला चिकटून बसलं पाहिजे. वरच्या भागात चिकटलं. खालच्या निम्म्या भागात धरलं की घसरून पडायचं. तिथून हवा जातच नव्हती. बाहेरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ! पुढची जाळी ड्रायव्हरदादा रोज झाडायचे. मागून टॉर्च मारला तेव्हा खालच्या भागात उजेड आरपार येईना. पाचटाचा बारीक भुसा, रस्त्याची धूळ, आणि कधीतरी गळलेलं ऑइल, या तिन्हींचा मिळून पत्र्यांच्या मधोमध गिलावा झाला होता. फडात उभ्या ट्रॅक्टरचा पंखा पाचटाचा चुरा दिवसभर ओढत असतो. त्याला कोण काय करणार.

साफ करायची दिशा महत्त्वाची. हवा पुढून मागे जाते, म्हणून पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. आधी साबणाचं पाणी फवारून तासभर भिजू द्यायचं, कारण ऑइल आहे. आणि सर्व्हिसिंगवाल्यांचा जोराचा फवारा जवळून मारायचा नाही. पत्रे वाकून आडवे झाले की भुसा परवडला. आम्ही घरच्या मोटारीच्या पाइपानेच केलं. अंगणात जे काळं पाणी आलं ते बघून मिस्त्री पहिल्यांदा उठून जवळ आले. त्या संध्याकाळची खेप: माथ्यावर ९५.

पण ९५ ला काटा अजून थांबलेला नव्हता, वळणाला हळूहळू चढतच होता. रेडिएटर धुताना मागे मोकळीच जागा दिसली होती. पंख्याभोवती गोल कव्हर असतं, शराऊड म्हणतात त्याला, ते नव्हतं. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची, इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत बसतो. चार वर्षांपूर्वी रेडिएटर रॉडिंगला पाठवला होता तेव्हा काढलं आणि बसवायचं राहिलं. (नळ्या क्षाराने बुजल्या नव्हत्या त्याचं कारणही तेच, चार वर्षांपूर्वी त्या साफ झाल्या होत्या.) कव्हर गोठ्यात सापडलं. त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिची सोय दुसऱ्या पाटीत करावी लागली, आणि ती तीन दिवस माझ्या अंगावर धावून येत होती.

कव्हर बसवलं, आणि शेवटी दादांना एक विनंती केली. चढ सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली घ्या, मधे घुसमटल्यावर नाही. वेग तोच, ताकद तीच लागते, पण इंजिन जास्त फेऱ्यांवर, म्हणून पंखा आणि पंप जोरात. दादांचं म्हणणं होतं की फेरे वाढवले की डिझेल जास्त जातं. थोडं जातं, त्यांचं खोटं नव्हतं. पण तो चढ दीड किलोमीटरचासुद्धा नाही. दोन्ही मिळून माथ्यावर ९०, आणि शेवटची तीन मिनिटं ९० वरच स्थिर. जमाखर्च जुळला. एकूण खर्च बेअरिंग, ग्रीस, झाकण, क्लॅम्प धरून साडेअकराशे. गन माझा, तो मी परत पुण्याला आणला.

मिस्त्रींना कमी लेखायचं माझ्या मनात अजिबात नाही. त्यांच्याकडे हंगामात रोज दहा ट्रॅक्टर येतात, आणि कोणीही दादांसारखं बारकाईने सांगत नाही. त्यांना फक्त 'तापतोय आणि पाणी कमी होतंय' एवढंच सांगितलं गेलं होतं. तेवढ्यावर मीही कदाचित गॅस्केटच म्हटलं असतं.

ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा पिकअप आहे आणि मागे ट्रेलर लावतात, त्यांच्यासाठी दोन फरक. तिथं पंख्याला बऱ्याचदा व्हिस्कस कपलिंग असतं. इंजिन चांगलं गरम असताना बंद करून पंखा हाताने ढकलला आणि तो भिरभिरत राहिला तर कपलिंग गेलंय. दुसरं, एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, त्या दोन जाळ्यांच्या फटीत कचरा साठतो आणि तो पुढून दिसत नाही. चढाला एसी बंद करा. धूर काळा येत असेल तर पंप-नोझलकडे बघा, तो विषय वेगळा आहे.

आणि रस्त्यात उकळलाच तर? आधी ट्रॉलीच्या चाकांना दगड. मग पाणी अजून आत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, न्यूट्रलला थोडे फेरे ठेवून चार-पाच मिनिटं चालू द्या, म्हणजे पंखा आणि पंप उष्णता काढत राहतात. होज फुटून पाणी सांडलं असेल तर मात्र तत्काळ बंद. झाकणाला हात लावायचा नाही, अर्धा तास तरी नाही. आणि तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. मग मिस्त्रींचा साठ हजारांचा अंदाज खरा ठरतो.

आता काका रोज संध्याकाळी मागून टॉर्च मारून बघतात, आणि बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट घातलंय. माथ्यावरचा आकडा दादा व्हॉट्सॲपवर पाठवतात, गन त्यांनी स्वतःचा घेतला. कालचा ८९ होता. तुमच्याकडे काय तापतं, कधी तापतं, किती ओझ्याला तापतं, ते सविस्तर लिहून पाठवा. नुसतं 'तापतंय' पाठवलं तर उत्तर देणार नाही. भेटू पुढच्या भागात.